आधी पाण्याची जागा, मग घरांची

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

वाढत्या शहराच्या वेशीवर नदीकाठी निवासी वसाहत उभारायचा आराखडा जाहीर होतो, तेव्हा हरकती-सूचनांचा बहुतेक भर रस्त्यांची रुंदी, चटईक्षेत्र आणि पाणीपुरवठा यांवर असतो. त्या जमिनीवर पुरात आजवर जे पाणी पसरत आले ते उद्या कोठे जाणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. माझ्या मते आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वीच याचे लेखी उत्तर घेतले पाहिजे.

हिशेब साधा आहे. एक हेक्टर पूरक्षेत्रात एक मीटर भराव घातला, की १० हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी मावण्याची जागा नाहीशी होते. नवी वसाहत कोरडी राहते आणि समोरच्या काठावरच्या किंवा वरच्या अंगाच्या जुन्या वस्तीत, जिला या प्रकल्पातून काहीच मिळालेले नसते, पाणी शिरते. भराव घालायचाच असेल, तर तेवढीच खोदाई त्याच नदीकाठी आणि त्याच पातळीवर करून पाण्याला जागा परत देण्याची अट हवी.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोजली आहे. पूरनियंत्रणासाठी १९४० च्या दशकात तेथे अ‍ॅडिक्स आणि बार्कर हे दोन जलाशय बांधले गेले. पण कमाल पातळीला जेवढी जमीन बुडू शकते, तेवढी सगळी सरकारने विकत घेतली नव्हती. उरलेल्या कडेच्या जमिनीवर शहर वाढत वाढत पोहोचले आणि २०१७ च्या हार्वे वादळात जलाशय फुगल्यावर तेथील हजारो घरांत पाणी शिरले. घरे परवानगीनेच बांधलेली होती, हे विशेष.

याउलट जर्मनीतील हॅम्बुर्गच्या हाफेनसिटी या जुन्या बंदराच्या जागेवरील नव्या वसाहतीत, शहराला पुरापासून वाचवणाऱ्या मुख्य बांधाच्या बाहेर असूनही, इमारतींची जोती समुद्रसपाटीपासून सुमारे ८ ते ९ मीटर उंचीवर आहेत आणि काठावरचे पदपथ त्याखाली, पाण्याखाली जातील हे गृहीत धरूनच आखलेले आहेत. तेथील पूर समुद्राकडून येत असल्याने भरावाने पाणी शेजाऱ्याकडे लोटले जाण्याचा प्रश्न नदीइतका तीव्र नाही, त्यामुळे तो नमुना जसाच्या तसा उचलू नये. पण काय बुडू द्यायचे आणि काय नाही, हे आधीच ठरवण्याची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट आराखड्याच्या नकाशात दिसत नाही. पावसाळी गटाराचे तोंड नदीत उघडते. नदी चढली की तेच पाणी उलटे फिरून रस्त्यावर येते, म्हणून तोंडाला झडप बसवतात. पण झडप बंद असताना वसाहतीवर पडणारा पाऊसही आतच अडकतो. १०० मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर १० लाख लिटर पाणी पडते, आणि छपरे व फरशीमुळे त्यातले फारच थोडे मुरते. साठवण तलाव आणि स्वतंत्र वीजव्यवस्था असलेले पंप नसतील, तर नदी पात्रात असतानाही तळघरातल्या गाड्या बुडतील.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द ग्राहकाला निर्धास्त करतात. दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते, आणि पावसाच्या बदलत्या तऱ्हेमुळे जुन्या नोंदींवरून काढलेला तो एक टक्काही तपासून घ्यावा लागेल.

तेव्हा जनसुनावणीत रंगीत संकल्पचित्रांसोबत पूरपातळी, जोत्याची पातळी आणि शेजारच्या वस्तीची पातळी एकत्र दाखवणारा उभा छेद मांडणे नियोजन प्राधिकरणांनी बंधनकारक करावे, आणि तो सदनिकांची विक्री सुरू होण्याआधी प्रसिद्ध व्हावा.

आपला,
एक वाचक