थळचं पाणी आणि आईचं रक्त

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली ना, "आता या वयात रक्तात नवीन काय बनणार, आहे तेच पुरवायचं", ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. नेदरलँड्समध्ये मी राहते त्या उत्रेख्त शहरातच यावर काम झालंय.

बाबा, त्यासाठी हेवी वॉटर वापरतात, आपल्या थळच्या प्लांटमध्ये बनतं तसलंच. घाबरू नका, ते रेडिओॲक्टिव्ह नसतं, त्यातला हायड्रोजन फक्त जड असतो, ड्युटेरियम म्हणतात. 2008 च्या अभ्यासात धडधाकट तरुण मुलांनी ते 9 आठवडे रोज थोडं थोडं प्यायलं. पहिल्या दिवशीचा डोस मोठा, पण तो दिवसभरात वाटून, कारण एकदम प्यायलं तर कानातल्या तोलाच्या यंत्रणेत गडबड होऊन गरगरतं. मग पेशीची दुसरी पेशी होताना डीएनएची नवी कॉपी लागते, तिच्यात हा जड हायड्रोजन जाऊन बसतो. आई, तू लोणच्याच्या नव्या बरण्यांवर तारखेची चिठ्ठी लावतेस ना, तसंच. चिठ्ठीवाल्या किती झाल्या आणि पाणी बंद केल्यावर किती वेगाने कमी झाल्या, हे रक्त काढून मोजत राहायचं, त्यावरून पेशी किती जगतात त्याचा अंदाज बांधतात.

टी-पेशी म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यातल्या जंतूशी अजून गाठच न पडलेल्या निम्म्या व्हायला 4 ते साडेसहा वर्षं लागतात! आणि आधीचा आजार लक्षात ठेवणाऱ्या मेमरी पेशी निम्म्या होतात काही महिन्यांतच, म्हणजे आठवण टिकते ती पेशी विभागून पुढे देत राहतात म्हणून, एकच पेशी जन्मभर बसून नसते. मला हे फार सुंदर वाटतं.

आई, तुझ्यासाठी खरी गोष्ट पुढे आहे. 2015 च्या अभ्यासात इथल्याच लोकांनी निरोगी वयस्कर माणसांना हेच पाणी दिलं, तर त्यांच्या बहुतेक लिम्फोसाइट पेशींचा (टी-पेशी याच गटातल्या) येण्याजाण्याचा वेग तरुणांसारखाच निघाला. टी-पेशी तयार करणारी छातीतली थायमस ग्रंथी वयाबरोबर दहापट मंदावते हे खरं, पण तरुणपणापासूनच नव्या टी-पेशी मुख्यतः आधीच्या टी-पेशी विभागूनच होतात, थायमसचा वाटा तेव्हाही थोडाच. म्हणजे तुझ्या रक्तात आजही नवीन बनतंय, अगदी हे वाचताना. म्हातारपणी इन्फेक्शन जड जातं ते जातंच, त्यामुळे फ्लूची लस दोघांनीही घ्या, त्यात चालढकल नको.

बाबा, संध्याकाळी अजून थळच्या बाजूला चालायला जाता ना?

तुमची,
ताई