चोराला सोबत लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळावर (प्रत्येकाने एकेक पात्र रंगवायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची) जी लेखमाला चालू आहे, तिचा चोर-पात्रावरचा भाग वाचला. त्यावर आलेलं एका पालकांचं पत्रही वाचलं, 'मुलांना चोऱ्या शिकवणारा हा कसला खेळ' असं विचारणारं. माझं भांडण दोघांशीही आहे. पत्राशी थोडं, लेखाशी बरंच.

मी सांगलीची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. पुतणीने कॉलेजच्या मित्रांना जमवून आमच्या माडीवर हा खेळ सुरू केला. चहा द्यायला वर गेले की मी फासे बघून शक्यता पुटपुटायची, म्हणून त्या पोरांनी एक दिवस मला ओढून आपल्यातच बसवलं. तेव्हापासून मी त्यांची चोर आहे. आता ही मंडळी भर मंडईत 'चोरकाकू' अशी हाक मारतात आणि कोथिंबीरवाला माझ्याकडे निराळ्याच नजरेने बघतो, तो भाग सोडा.

आपल्या लेखकाने नवख्यांना दिलेला सल्ला थोडक्यात असा: काळा झगा घ्या, दोन खंजीर घ्या, पात्र अनाथ ठेवा, कुणावर विश्वास नाही असं दाखवा आणि 'पार्टीपासून (म्हणजे बरोबरच्या पात्रांच्या टोळीपासून) अंतर राखून एकट्याने शिकार करा'. दिसायला झकास. पण या सल्ल्याने बनवलेला चोर पहिल्याच सेशनला एक तर मरतो, नाही तर बाकीच्या चौघांना कंटाळा आणतो.

कारण साधं आहे आणि ते नियमातच लिहिलेलं आहे. (मी २०१४च्या पाचव्या आवृत्तीबद्दल बोलते आहे, आम्ही तीच खेळतो.) चोराचं मुख्य हत्यार म्हणजे स्नीक अटॅक. पहिल्या लेव्हलला वाराच्या इजेत सहा बाजूंचा एक जादा फासा, पुढे दर विषम लेव्हलला एकेक वाढत एकोणिसाव्या लेव्हलला दहा फासे. ते मिळायला अंधार लागत नाही, पाठीमागून वार करावा लागत नाही. एक तर तुम्हाला अॅडव्हान्टेज हवा, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा. नाही तर शत्रूपासून पाच फुटांच्या आत तुमचा एखादा साथीदार उभा हवा. हातातलं हत्यार चपळाईचं किंवा लांबून मारायचं असलं की झालं. आता सांगा, 'एकट्याने शिकार' करणाऱ्याच्या पाच फुटांवर कोण उभं असणार? आमचा पॅलाडिन (चिलखती धर्मयोद्धा), म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक दांडगा मुलगा, राक्षसाच्या अंगावर जाऊन भिडतो आणि मी लांबून धनुष्य ओढते. त्याच्या धाडसावर माझे फासे पडतात.

आता लपण्याकडे येते, कारण लेखात त्याचा हिशेब कुठेच नाही.

फाशावर जे पडेल त्यात तुमचा स्टेल्थचा, म्हणजे लपण्याच्या कौशल्याचा, आकडा मिळवायचा आणि समोरच्याच्या सावधपणाच्या आकड्याशी ताडून बघायचा. माझी हाफलिंग, म्हणजे बुटक्या लोकांच्या जमातीतली. पात्राच्या सहा गुणांना वाटायच्या ठरावीक सहा आकड्यांपैकी (१५, १४, १३, १२, १०, ८) पंधरा मी चपळाईला दिले, हाफलिंग म्हणून त्यात दोनाची भर पडली, सतरा झाले. त्याचे मिळतात अधिक तीन. पहिल्या लेव्हलचं प्रावीण्य अधिक दोन, आणि चोराला जी एक्स्पर्टाइज मिळते ती स्टेल्थवर लावली की त्याचे दुप्पट, चार. एकूण सात. साध्या पहारेकऱ्याचा सावधपणा बारा. म्हणजे फाशावर पाच किंवा वर काहीही पडलं तरी चालतं: विसात सोळा वेळा, ८० टक्के. आपल्या लेखकाने हीच एक्स्पर्टाइज कोलांट्याउड्यांवर लावायला सांगितली आहे, कारण 'छपरांवरून उड्या मारताना भारी वाटतं'. वाटत असेल. तेवढ्यासाठी विसातल्या दोन वेळा घालवायच्या, हे मला पटत नाही.

आता त्याच बोळातून आमचा पॅलाडिन निघतो. अंगात साखळ्यांचं चिलखत, चपळाई दहा, म्हणजे अधिक शून्य. साखळ्या वाजतात म्हणून त्याने फासा दोनदा टाकायचा आणि लहान आकडा घ्यायचा. दोन्ही फाशांवर बारा किंवा वर पडायला हवेत: नऊ विसांश गुणिले नऊ विसांश. उत्तर २०.२५ टक्के. चोर पाचात चार वेळा सुटतो, त्याच्या मागचा माणूस पाचात चार वेळा सापडतो. अशा वेळी नवखा चोर काय करतो? सगळ्यांना मागे ठेवून एकटाच पुढे जातो, अर्धा तास डीएमशी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) एकटाच बोलत बसतो आणि बाकीची पोरं मोबाइल काढतात.

यावरचा उपाय चोराच्या कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या आकड्यांच्या कागदावर) सापडत नाही, तो ड्रुइडच्या, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राच्या, शीटवर असतो. 'पास विदाउट ट्रेस' नावाचा मंत्र तिसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडला घेता येतो. तासभर चालतो, तीस फुटांच्या आत ज्यांना निवडाल त्या सगळ्यांच्या स्टेल्थमध्ये दहाची भर. आता पॅलाडिनला दोन्ही फाशांवर दोन किंवा वर पडले की पुरे: एकोणीस विसांशचा वर्ग, ९०.२५ टक्के. विसावरून एकदम नव्वदावर. हा आकडा मी पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा आमची ड्रुइड (फार्मसीला आहे, आगीचे मंत्र सोडून काही घ्यायला तयार नव्हती) निमूट मंत्र बदलून आली. लपणारा चोर बनवायचा असेल तर आधी शेजारी कोण बसलंय ते विचारा, मग आपले आकडे भरा. लेखात हे एक वाक्य असतं तरी मी पत्र लिहिलं नसतं.

हाफलिंगही मी गोड दिसते म्हणून घेतलेली नाही. लाइटफूट जातीच्या हाफलिंगला आपल्याहून मोठ्या माणसाच्या आड लपता येतं. भिंत नको, पिंप नको. दुसऱ्या लेव्हलला चोराला कनिंग अॅक्शन मिळते, मग वार करून त्याच खेपेत पुन्हा लपता येतं. म्हणजे मी पॅलाडिनच्या पाठीमागून डोकावते, बाण सोडते, परत त्याच्या ढालीमागे. त्याच्या चिलखतावर मी इतके दिवस तोंडसुख घेत होते, पण माझं घर तेच. तोटाही सांगते: हाफलिंगला अंधारात दिसत नाही. मशाल पेटवली की लपणं संपलं. वुड एल्फ घेतला तर साठ फुटांपर्यंत अंधारात दिसतं आणि चाल पस्तीस फूट, पण माणसाआड लपणं नाही. आमच्यात ड्रुइड स्वतःच एल्फ होती, ती पुढे चालून मला सांगायची, म्हणून माझं भागलं. पुन्हा तेच.

एक प्रसंग लिहिते. एका व्यापाऱ्याचं गोदाम, आत मोठं कुत्रं. पुतणी डीएम. मी ऐटीत फासा टाकला, नऊ पडले, अधिक सात, सोळा. पहारेकरी असता तर घोरत राहिला असता.

"काकू, कुत्र्याने मान वर केली."

"सोळा आहेत माझे!"

"त्याला वास येतो काकू. तेराचे अठरा धर."

बरोबर होतं तिचं. मॅस्टिफचा सावधपणा तेरा, आणि नाक-कानांच्या जोरावर त्याला अॅडव्हान्टेज, त्याचे अधिक पाच. अठराला गाठायचं तर मला फाशावर अकरा हवे होते. म्हणजे अर्ध्या वेळा मी सापडणारच. कुत्रं गुरगुरायच्या आत ड्रुइडने प्राण्यांशी मैत्रीचा मंत्र टाकला आणि मी पिशवीतलं सुकं मांस पुढे केलं. नवख्यांनो, शिधा बरोबर ठेवा. लेखात दिलेल्या सामानाच्या चौकटीत तीन प्रकारचे खंजीर आहेत आणि खायला काही नाही.

सामानावरून आठवलं. नियमपुस्तकातल्या चोराच्या हत्यारपेटीत बारीक कानस, कुलपं उघडायच्या सळया, दांडीवरचा छोटा आरसा, अरुंद पात्याची कात्री आणि पक्कड असते. किंमत २५ सोन्याची नाणी. घरफोड्याच्या गाठोड्यात हजार छर्रे, दहा फूट दोरा, घंटा, पहार, झाकणाचा कंदील, दोन बाटल्या तेल. ही यादी वाचताना मला हसू आलं, कारण असला माणूस मी लहानपणापासून ओळखते. आमच्या गावापासून हरिपूर हाकेच्या अंतरावर. तिथल्या गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचं 'मृच्छकटिक' मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. त्यातला शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडायला येतो आणि मोजायची दोरी विसरतो. मग काढतो जानवं आणि त्यानेच भिंत मोजतो. वर जानव्याचे गुणही गातो: मापाला, दागिने ओढून काढायला, कडी उघडायला, साप चावला तर बोट आवळायला. आत जाण्याआधी भोकातून आधी एक बनावट माणूस पुढे सरकवतो. दार कुरकुरू नये म्हणून बिजागरीवर पाणी शिंपडतो. आमच्या गाठोड्यात त्यासाठी तेल आहे, इतकाच फरक. माझ्या हाफलिंगचं नाव शर्विलकाच आहे. पुतणीने तिला जानव्याऐवजी गाठी मारलेला कंबरपट्टा दिला, तो मी दर दारापाशी काढते.

पण शर्विलक मी सामानासाठी निवडला नाही. तो अनाथ नाही, घुमा नाही, काळ्या झग्यात छपरावर बसून कुढत नाही. त्याला मदनिका नावाच्या दासीला मोकळं करायचं आहे, त्यासाठी पैसा हवा आहे. बाईच्या अंगावरचा दागिना, यज्ञासाठी ठेवलेलं सोनं, दाईच्या कडेवरचं मूल यांना हात लावत नाही, हे तो स्वतःच सांगतो. आणि पुढे मित्राला, आर्यकाला, राजाच्या कैदेतून सोडवायला हातातलं सगळं टाकून धावतो. पात्र लिहायचं तर असं लिहा. कुणाचं तरी देणं, एखादी गोष्ट जी तो कधीच करणार नाही, आणि जिवंत असलेलं एक माणूस ज्याच्यासाठी तो धोका पत्करेल. डीएमला त्यातून गोष्ट विणता येते. मेलेल्या आईबापांचं डीएम बिचारा काय करणार?

यातच त्या पालकांचंही उत्तर आहे. आमच्या टेबलावर चोरी करण्याआधी 'कुणाचं आणि कशासाठी' यावर जितकी हुज्जत होते तितकी मी स्टाफरूममध्येही ऐकलेली नाही. आणि एक नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला: चोराने पार्टीतल्या कुणाचा खिसा कापायचा नाही. फासा टाकायचाही नाही. 'माझं पात्रच तसं आहे' ही सबब चालत नाही. तुम्हीही मुलाच्या टेबलावर हा नियम आहे का ते विचारा. नसेल तर मात्र तुमची काळजी बरोबर आहे.

लेखातली एक चूक दुरुस्त करावी ही विनंती. चोर या खेळात 'पहिल्या दिवसापासून' नव्हता. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ छापला गेला तेव्हा पात्रांचे प्रकार तीन: लढवय्या, जादूगार, पुजारी. चोर आला १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत. १९७८च्या पुस्तकात त्याच्या टक्केवारीचा तक्ता आहे. पहिल्या लेव्हलला भिंत चढणे ८५, सावलीत लपणे १०. दहा! त्या काळचा चोर म्हणजे भिंतीवर चढलेला आणि सगळ्यांना दिसणारा माणूस. 'रोग' (इंग्रजी Rogue, आजार नव्हे) हे आजचं नाव या क्लासला २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मिळालं. आमच्या आवृत्तीतला अकराव्या लेव्हलचा चोर मात्र प्रावीण्य असलेल्या कौशल्यात फाशावर दहाच्या खाली जातच नाही. पडले तरी दहाच धरायचे. चपळाई वीस झालेली असली तर दहा, पाच आणि दुप्पट प्रावीण्याचे आठ मिळून तेवीस, कमीत कमी. तिथे माझ्या वहीतल्या शक्यता संपतात, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही.

महागडी पुस्तकं घ्यावी लागतात असंही लेखात सुचवलं आहे. लागत नाहीत. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहेत आणि त्यात चोराचा क्लास, हत्यारपेटी, मॅस्टिफ, 'पास विदाउट ट्रेस' सगळं आहे. माझ्याकडे झेरॉक्स करून पंचिंग केलेली फाइल आहे, तिच्यावरच चाललं आहे.

पुढचा भाग जादूगारावर आहे असं खाली छापलंय. तो लिहिणाऱ्याने निदान मंत्रांच्या स्लॉटची (किती मंत्र टाकता येतात त्याची) बेरीज एकदा कागदावर करून बघावी. नाही तर मी आहेच.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सांगली
(नाव छापू नये. मंडईत जायचं असतं.)