युनिया पुरुष कशी झाली?

महोदय,

ख्रिस्ती मंडळीत स्त्रियांनी नेतृत्व करावे की नाही, हा वाद निघाला की स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, शिकवू नये असे सांगणारी बायबलची दोन वचने हमखास पुढे केली जातात: १ करिंथ १४:३४ आणि १ तीमथ्य २:१२. पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय मात्र नुसती सलामांची यादी समजून भरभर वाचून संपवला जातो. त्या यादीत दहा स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या एकीला भाषांतरकारांनी व संपादकांनी चक्क पुरुष करून टाकले होते.

सातव्या वचनात पौल अंद्रोनिक आणि युनिया यांना सलाम सांगतो आणि ते प्रेषितांमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या मंडळीच्या अग्रणी संदेशवाहकांमध्ये, नावाजलेले आहेत असे म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये हे नाव कर्मरूपात, 'युनियान' असे येते. स्वराघाताची खूण मधल्या 'नि'वर दिली तर ती युनिया, बाई. तीच खूण शेवटच्या 'या'वर वेगळ्या वळणाने दिली तर 'युनियास' नावाचा पुरुष. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत अशा खुणाच नव्हत्या. नवव्या शतकाच्या सुमारास त्या नियमितपणे येऊ लागल्या, तेव्हा लेखनिकांनी स्त्रीनामाचीच खूण दिली. त्याच्याही आधी, स्त्रियांनी मंडळीत शिकवण्याच्या बाबतीत एरवी कडक असलेल्या योहान ख्रिसोस्तोम या धर्मगुरूने (मृत्यू ४०७) या बाईला प्रेषित म्हणवून घेण्याचा मान मिळाला म्हणून तिच्या ज्ञानाची मोकळेपणाने स्तुती केली आहे. ग्रीक ही त्याची मातृभाषा होती.

तरीही अभ्यासक आणि भाषांतरकार वापरतात त्या नव्या कराराच्या नेस्ले-संपादित ग्रीक आवृत्तीत १९२७ साली पुरुषी खूण आली, आणि ती दुरुस्त व्हायला १९९८ उजाडले. रोममधल्या कोरीव लेखांत 'युनिया' हे स्त्रीनाम अडीचशेहून जास्त वेळा सापडते. 'युनियास' एकदाही नाही. ते 'युनियानुस'चे लघुरूप असावे, एवढ्या अंदाजावर तो पुरुष उभा होता. १९४६च्या एका प्रतिष्ठित इंग्रजी भाषांतराने तर 'नामांकित पुरुष' असे छापले. स्त्रीचे नाव मान्य झाल्यावर वाद दुसरीकडे सरकला: 'प्रेषितांमध्ये नावाजलेली' नव्हे, 'प्रेषितांना माहीत असलेली', असा अर्थ २००१पासून पुढे आला. ख्रिसोस्तोमच्या कानाला तो अर्थ ऐकू आला नव्हता, हे माझ्या मते निर्णायक आहे.

मराठीत ही अडचण आणखी खोल जाते. यशया, यिर्मया, उरीया ही पुरुषांची नावे ऐकलेल्या कानाला 'युनिया'ही पुरुषच वाटतो. त्यात स्त्री-पुरुष एकत्र आले की आपले व्याकरण 'ते' म्हणते, त्यामुळे क्रियापदावरूनही काही कळत नाही. चूक कुणाचीच नाही, पण प्रेषित बाई वाचकाच्या डोळ्यांसमोरून निघून जाते.

याच अध्यायातल्या फीबीचेही तसेच. पहिल्या वचनात तिला 'दियाकोनोस' (सेवक, मंडळीचा सेवक-अधिकारी) म्हटले आहे. १ करिंथ ३:५ मध्ये पौल स्वतःसाठी आणि अपुल्लोस या सहकाऱ्यासाठी हाच शब्द वापरतो. १६११च्या इंग्रजी बायबलने पौलासाठी धर्मसेवकाच्या पदाचा शब्द ठेवला आणि फीबीला साधी चाकर केले. आपल्याकडचा 'सेविका' शब्द चुकीचा नाही, पण आज तो ऐकताना अंगणवाडी आठवते, किंख्रिया बंदरातल्या मंडळीचे पद नव्हे. दुसऱ्या वचनात तिला 'प्रोस्टाटिस' म्हटले आहे. पैसा आणि वजन दोन्ही मागे उभे करणाऱ्या आश्रयदातीसाठी हा शब्द होता, आणि पौल तिच्या आश्रितांत स्वतःलाही धरतो. हे पत्र रोमला घेऊन गेली तीही बहुधा फीबीच.

हिब्रू-ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंची आपली भाषा. तिच्यात या अध्यायाला दोन तळटिपा जड नाहीत. १६:१ला: 'मूळ शब्द दियाकोनोस, पौल तो स्वतःसाठीही वापरतो.' १६:७ला: 'युनिया हे स्त्रीचे नाव.' नवी आवृत्ती निघेपर्यंत पाळकांनी वाचनाआधी एवढे तोंडी सांगितले तरी चालेल. कॅथलिक धर्मग्रामांत त्याची गरज जास्त आहे, कारण तिथल्या मिस्साच्या (उपासनेच्या) वाचनक्रमात हा अध्याय सामान्यकाळाच्या (मोठ्या सणांबाहेरच्या काळाच्या) ३१व्या आठवड्यातल्या शनिवारी, तोही एक वर्षाआड येतो आणि तिसऱ्या वचनापासून सुरू होतो. फीबीची दोन्ही वचने त्याआधीच गळलेली असतात.

आपला विश्वासू,
नव्या कराराच्या ग्रीक भाषेचा एक अभ्यासक, अहिल्यानगर