बंड्या, लेंड्या आणि बाबांचा गोठा

पुणे, २२ एप्रिल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर "झोप झाली नाही" एवढंच म्हणाले, तर आईने ऑफिसचा ताण, डब्याची आबाळ, सगळं स्वतःच ठरवून टाकलं. ताण ऑफिसचा नव्हता, सशाचा होता. हसू नका.

शेजारच्यांची बदली झाली आणि पिंजऱ्यासकट बंड्या माझ्याकडे आला, हे तुम्हाला माहीत आहे. "काही त्रास नाही हो त्याचा, गाजर टाकलं की झालं," असं सांगून गेले. त्यात एकही गोष्ट खरी निघाली नाही. पहिलं म्हणजे बंड्या ही बंडी आहे. डॉक्टरबाईंनी उताणी करून बघितली आणि हसल्याच. म्हणे दर दुसऱ्या-तिसऱ्या सशाचं हेच असतं. नाव आता बदलवत नाही. मी अजूनही 'तो'च म्हणते, सवय झाली.

आणि गाजर म्हणजे त्याच्यासाठी पेढा. कधीतरी, चकतीभर. खरं खाणं म्हणजे वाळलेलं गवत, दिवसभर, मागेल तितकं. दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. आणि आतडी चालू राहतात तीही त्या चोथ्यावर. शेजारी त्याला मारी बिस्किटं आणि दुकानातल्या गोळ्या घालायचे. मीही महिनोन्महिने तेच केलं. मला काय माहीत!

शनिवारी संध्याकाळी कोथिंबीर नाकाशी धरली तर त्याने तोंड फिरवलं. कोथिंबिरीला! कोपऱ्यात अंग चोरून बसला, डोळे अर्धे मिटलेले, दात करकरत होते. ट्रेमध्ये बघितलं, दुपारपासून एक लेंडी नाही. तेवढ्यात तुमची आठवण झाली, बाबा. सकाळी गोठ्यात गेलात की आधी शेण बघायचात, मग बैलाकडे. "जनावर बोलत नाही, त्याचं शेण बोलतं." मला लहानपणी त्याची शिसारी यायची.

तीन दवाखान्यांना फोन केले. "आम्ही कुत्री-मांजरं बघतो, ससे नाही." चौथ्या ठिकाणी एक बाई रात्री अकराला थांबायला तयार झाल्या, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रिक्षात मांडीवर खोका, वर टॉवेल, आणि मी खोक्यात हात घालून त्याचा श्वास चाचपत होते. बाई म्हणाल्या, ससा दहा-बारा तास खाल्ल्याशिवाय राहिला की आतडी थंडावतात, पोटात वायू धरतो आणि जीवही जाऊ शकतो. सकाळपर्यंत वाट बघितली नाही ते बरं केलंत. एक्स-रे काढून आत काही अडकलेलं नाही याची खात्री केली, कातडीखाली सलाईन दिलं, दुखण्याचं औषध दिलं, आणि दर दोन-तीन तासांनी सुई नसलेल्या सिरिंजने पातळ खाणं भरवायला सांगितलं. रात्रभर तेच चाललं होतं. अर्धं त्याच्या पोटात, अर्धं माझ्या कुर्त्यावर.

पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी एक लेंडी पडली. मिऱ्याएवढी, वेडीवाकडी. मी ती तळहातावर घेऊन ट्यूबलाइटखाली धरली आणि रडले. आई, हात धुतले, साबणाने, दोनदा.

आता रोज सकाळी चहाआधी ट्रे बघते. गोल, मोठ्या, कोरड्या असल्या की जीव भांड्यात पडतो. आणि तू मागे किंचाळली होतीस ना, "अगं, तो स्वतःचीच घाण खातोय!" ती घाण नव्हे. रात्री-पहाटे मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या वेगळ्या लेंड्या येतात, त्या तो बुडाशी तोंड नेऊन परत खातो, म्हणजे राहिलेलं सत्त्व पदरात पडतं. गायीचा रवंथच समज, जरा आडवाटेने.

बाबा, तुमचे दोन सल्ले मात्र मी मानले नाहीत. पोट फुगलं तर ओवा-हिंगाचं पाणी पाजलं नाही. आणि मोत्याचा पिसवांचा स्प्रे तुम्ही पाठवलात, तो तसाच परत घेऊन जा. त्यात फिप्रोनिल आहे, तुम्ही शेतात वापरता तेच. कुत्र्याला चालतं, सशाचा जीव घेऊ शकतं.

खरी काळजी आता उन्हाची आहे. पारा चाळिशीकडे निघालाय आणि सशाला तिशीच जड जाते. घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते. पाण्याच्या बाटल्या बर्फ करून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवते, कानांना ओला हात लावते. दुपारी वीज गेली की ऑफिसात माझं लक्ष लागत नाही. शिवाय ऑपरेशनचंही ठरत नाहीये. माद्यांना पुढे गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो म्हणून बाई ते काढून टाका म्हणतात. मला भुलीची भीती वाटते. बाबा, आलात की एकदा बाईंशी तुम्हीच बोला, तुम्हाला माणूस लगेच कळतो.

आणि येताना दुर्वा आणा. विहिरीकडच्या बांधावरच्या, खालच्या नकोत, तिथे तणनाशक मारलंय. दोन जुड्या ओल्या, बाकी सावलीत वाळवून पोतंभर. इथे टिमोथी नावाचं परदेशी वाळलेलं गवत विकत घेते. किलोचा भाव सांगत नाही, तुम्ही एसटीतच उठून उभे राहाल.

आई, गाजरं पाठवायचीच असतील तर किसून, हलवा करून पाठव. माझ्यासाठी.

तुमची,
मनू