शत्रू येण्याआधीच बुडणारी आरमारे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळांना सुट्टी लागली की वर्तमानपत्रांतून व्हिडिओ गेमवर मजकूर येतो आणि तो बहुधा एकाच चालीचा असतो: मुले किती तास खेळतात, डोळ्यांचे काय होते, अभ्यासाचे काय होते. तेही छापायला हवेच. पण मुले खेळतात ते नेमके काय आणि त्यात हरतात ती कशामुळे, यावर एक ओळ येत नाही. बुद्धिबळात घोडा फुकट घालवला तर पटाच्या आकृतीसह ती चूक छापली जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरे अंतराळातल्या डावपेचांचे जे खेळ रात्र-रात्र खेळतात, त्यांतल्या चुकाही तशाच अभ्यासण्यासारख्या असतात. शिवाय बुद्धिबळातल्या चुकांपेक्षा त्या जास्त लाजिरवाण्या असतात, कारण त्यांत शत्रूचा हात फार कमी असतो. हिशेब पाहिलेला नसतो, बटण चुकलेले असते, नाहीतर आपलीच दारे उघडी राहिलेली असतात.

हिशेबापासून सुरुवात करू. २०१६ साली आलेला ‘स्टेलारिस’ हा या जातीतला मोठा खेळ. तो १ जानेवारी २२०० या तारखेला सुरू होतो आणि महिन्या-महिन्याने पुढे सरकतो. पडद्याच्या वरच्या पट्टीत ऊर्जा, खनिजे, अन्न, मिश्रधातू असे साठे दिसतात आणि प्रत्येकाशेजारी त्या महिन्याची वाढ किंवा तूट. नवखा खेळाडू साठ्याचा मोठा आकडा पाहतो, शेजारचा बारका पाहत नाही. जहाज बांधायला किती मिश्रधातू लागला हे त्याला तोंडपाठ असते. तेच जहाज नुसते उभे ठेवायलाही दरमहा ऊर्जा आणि थोडा मिश्रधातू लागतो, हे गावी नसते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा, भट्टी घेणे सोपे, तिचे लाइट बिल भरणे अवघड. त्यातून आरमाराला क्षमतेची मर्यादा असते. ती ओलांडली की फक्त जादा जहाजांचा नव्हे, सगळ्याच जहाजांचा खर्च चढतो. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे!

खरी गंमत युद्ध पुकारल्यावर होते. तळावर क्रू क्वार्टर्स (खलाशांच्या खोल्या) बांधलेले असतील तर तिथे नांगरलेल्या आरमाराचा खर्च कमी लागतो. आरमार तळावरून हलले की ती सवलत गेली. शांततेच्या दिवसांत महिन्याला दहा ऊर्जा शिल्लक दाखवणारी पट्टी लढाईच्या तोंडावर उणे साठ दाखवू लागते. साठा शून्याला टेकला की जहाजांची लढण्याची ताकदही घटते, म्हणजे समोरचा दुबळा असूनही हार होते. उपाय साधा आहे. युद्ध पुकारण्याआधी आरमार एक महिना तळाबाहेर उभे करावे, खेळ पॉज करावा आणि खरी तूट वाचावी. ती साठ असेल आणि युद्ध दोन वर्षे चालेल असे धरले, तर साठ गुणिले चोवीस, म्हणजे १४४० ऊर्जा हाताशी हवी. तेवढी नसेल तर युद्ध नको. तहान लागल्यावर विहीर खणणारे ऐन वेळी बाजारातून एकरकमी ऊर्जा विकत घेतात. तिथे प्रत्येक खरेदीबरोबर भाव वर सरकतो आणि पाचव्या खरेदीला डोळे पांढरे होतात. त्यापेक्षा दरमहा थोडी-थोडी खरेदी आधीपासून लावून ठेवलेली बरी.

याच्याच जोडीची चूक अपग्रेडची. नवे तंत्रज्ञान हाती आले की सगळ्या आरमाराला एकदम अपग्रेडची आज्ञा दिली जाते. मिश्रधातू संपतो, जहाजे गोदीत अडकतात आणि शेजाऱ्याने तो मुहूर्त साधला तर सीमेवर एकही बोट नसते.

दुसरी चूक समजायला सीमाभागातल्या वाचकाला तरी वेळ लागू नये. ताबा वेगळा आणि दावा वेगळा, हे आपल्याला साठ-सत्तर वर्षे माहीत आहे. स्टेलारिसमध्ये शत्रूच्या ताऱ्यावर आपला हक्क आधी नोंदवावा लागतो आणि त्यासाठी ‘इन्फ्लुअन्स’, म्हणजे राजकीय वजनाचा साठा, खर्च करावा लागतो. हे न करता युद्ध पुकारणारे बरेच असतात. ते दहा तारे जिंकतात, नकाशा आपल्या रंगाने रेघारेघांचा झालेला पाहून खूश होतात आणि ‘जैसे थे’ तह झाला की दावा नसलेले तारे जसेच्या तसे परत जातात. दावा असलेल्या ताऱ्यातही तळ आणि वस्तीचे सगळे ग्रह ताब्यात असावे लागतात. एक ग्रह राहिला तर तो तारा हातचा गेला. शिवाय युद्धाची दमछाक शंभर टक्क्यांवर पोचली की चोवीस महिन्यांनी समोरचा आपल्यावर हा तह लादू शकतो. म्हणून दमछाक ऐंशीच्या पुढे गेली की नवा तारा घेण्याच्या भानगडीत न पडता दावा असलेल्या ताऱ्यांतले उरलेले ग्रह आधी घ्यावेत.

वाटांबद्दलही बोलायला हवे. २०१८ च्या बदलानंतर या खेळात ताऱ्यांमध्ये ठरलेल्या वाटांनीच जाता येते. बेळगावहून गोव्याला जायचे तर चोर्ला किंवा अनमोड, तसे. आरमाराला दूरच्या ताऱ्याची आज्ञा देऊन खेळाडू दुसरीकडे घर बांधत बसतो. आरमार जवळची वाट धरते आणि ती वाट एखाद्या प्राचीन रक्षकाच्या तोंडातून जाते. किंवा शत्रूच्या तळावर इनहिबिटर, म्हणजे वाट अडवणारे यंत्र, असतो. तिथे पोचलेल्या आरमाराला तळ पाडल्याखेरीज पुढे जाता येत नाही, फक्त आल्या वाटेने मागे फिरता येते. शिफ्ट दाबून मधले टप्पे एकेक करून द्यावेत, हा त्यावरचा इलाज. आणि टप्पे देताना ताऱ्याची जात वाचावी. पल्सार ताऱ्याजवळ सर्व जहाजांच्या शिल्ड, म्हणजे चिलखताबाहेरची ऊर्जेची कवचे, निकामी होतात. ज्याने चिलखताला फाटा देऊन सगळा भर शिल्डवर दिला आहे, तो तिथे उघडा पडतो. न्यूट्रॉन ताऱ्याजवळ वेग निम्मा होतो, त्यामुळे पळूनही जाता येत नाही. ही माहिती ताऱ्याच्या नावावर माउस नेला तरी मिळते, पण तेवढे करतो कोण?

शस्त्रांचेही तेच. लेसर चिलखतावर चालतो, शिल्डवर कमी. गोळे फेकणाऱ्या तोफा शिल्ड फोडतात, चिलखतापुढे मंदावतात. क्षेपणास्त्रे शिल्डला वळसा घालून आत शिरतात. लढाईनंतरचा अहवाल उघडला तर समोरच्याने काय लावले होते ते कळते. तो न उघडता तीच जहाजे दुप्पट बांधून पाठवणे हा फार महागडा हट्ट आहे.

स्टेलारिसमधल्या जुन्या, थकलेल्या साम्राज्यांच्या वाटेला जाण्याबद्दल एवढेच: त्यांतले काही धार्मिक असतात आणि ठरावीक ग्रहांना पवित्र मानतात. असा सुंदर हिरवा ग्रह रिकामा का, हा प्रश्न वस्ती करण्याआधी पडायला हवा.

आता दारांकडे वळतो. ‘एफटीएल’ हा २०१२ चा खेळ दिसायला साधा आहे. एक जहाज, त्याच्या खोल्यांचा नकाशा, मोजकी माणसे. पण एवढ्या लहान जागेत स्वतःच्या हाताने स्वतःचे वाटोळे करण्याच्या इतक्या सोयी दुसरीकडे क्वचितच असतील. खोलीला आग लागली की ती विझवायला बाहेरची दारे उघडून हवा सोडून द्यायची, हा त्यातला माहितगार डाव. आग हवेवाचून मरते. माणसेही मरतात, हे लक्षात राहत नाही. पायऱ्या अशा आहेत. स्पेसबार दाबून खेळ थांबवा. जळत्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत कोणत्या खोल्या लागतात ते बोटाने दाखवा, आणि त्या खोल्यांतली माणसे आधी हलवा. माणसे असतील तिकडची आतली दारे बंद आहेत ना ते पाहा. मग बाहेरचे दार आणि वाटेतली दारे उघडा. आग विझली की पहिल्यांदा बाहेरचे दार लावा, आणि खोलीचा लाल रंग जाऊन हवा भरेपर्यंत आत कोणाला पाठवू नका. हे शेवटचे विसरले जाते. दुरुस्तीला धावलेला माणूस जळालेल्या यंत्राजवळ पोचतो आणि गुदमरतो.

सगळी दारे उघडण्याचे जे एक बटण आहे, ते एकदा दाबले तर आतली दारे उघडतात आणि पुन्हा दाबले तर बाहेरचीही. घाईत ते दोनदा दाबले जाते. ऑक्सिजनच्या खोलीलाच आग लागली असेल तर हवा सोडण्याचा डाव खेळूच नये. माणसे हाताने आग विझवू शकतात. तिथे दोघा-तिघांना पाठवावे आणि औषधाच्या खोलीची वीज चालू ठेवावी.

विजेवरून आठवले. शिल्डच्या एका थराला विजेचे दोन दांडे लागतात. पैसे जमले म्हणून एकच दांडा वाढवणारा खेळाडू पुढची दोन-तीन युद्धे आपली शिल्ड सुधारली अशा समजुतीत खेळतो. थर मात्र तेवढेच असतात. दुसरा गोंधळ बीमचा, म्हणजे सलग किरण सोडणाऱ्या शस्त्राचा. शत्रूच्या शिल्डचा प्रत्येक थर बीमच्या माऱ्यातला एक वजा करतो; दोनची बीम दोन थरांपुढे शून्य. म्हणून आधी लेसर सोडायचे, ते पोचून थर पडले की त्याच क्षणी पॉज करून बीम मारायची. दोन्ही एकदम सोडली तर लेसर वाटेतच असताना बीम संपलेली असते.

आणि सगळ्यात मोठी नामुष्की ऑटोफायरची. आपली दोन माणसे टेलिपोर्टरने, म्हणजे माणसे क्षणात पलीकडे पोचवणाऱ्या यंत्राने, शत्रूच्या जहाजात उतरवलेली असतात, ती तिथे जिंकतही असतात, आणि आपल्याच तोफा आपोआप चालू राहून ते जहाज आपल्या माणसांसकट फोडतात. पडद्यावर विजयाची पाटी येते आणि माणसांच्या यादीत दोन नावे कमी असतात. माणसे उतरवण्याआधी ऑटोफायर बंद, हा नियम कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवावा इतका गरजेचा आहे.

हे एकट्याने खेळताना झाले तर निदान चार भिंतींत राहते. ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलँडच्या खेळात हजारो लोक एकाच विश्वात असतात, तिथे अब्रू चव्हाट्यावर जाते. जानेवारी २०१३ मध्ये असाकाई नावाच्या ताऱ्याजवळ एका सेनापतीला आपल्या टायटन या अवाढव्य जातीच्या जहाजातून पूल उघडून बाकीचे आरमार पुढे पाठवायचे होते. त्याने ‘ब्रिज’ऐवजी ‘जम्प’ दाबले आणि तो एवढ्या मोठ्या जहाजानिशी एकटाच शत्रूच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्याला सोडवायला एक बाजू धावली, संधी साधायला दुसरी, आणि दोन हजारांहून जास्त खेळाडूंची लढाई जुंपली. पुढच्याच जानेवारीत याहून मोठे घडले. बी-आर-फाइव्ह-आर-बी या ताऱ्याच्या मालकीचे ठरलेल्या मुदतीचे भाडे भरायचे राहिले, मालकी सुटली आणि शत्रू आत घुसला. एकवीस तास लढाई चालली, ७५ टायटन नष्ट झाली, आणि खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरांच्या वर नुकसानीचा अंदाज निघाला. घरपट्टी थकली आणि गड गेला.

‘होमवर्ल्ड’ या १९९९ च्या खेळाबद्दल एकच सांगण्यासारखे आहे. तिथे वर-खालीही जाता येते, पण बहुतेक जण तो कॅरमच्या बोर्डासारखा सपाट खेळतात. हलवण्याची आज्ञा देताना शिफ्ट धरून उंची बदलता येते. तोफांचे तोंड समोर असलेल्या जहाजाकडे खालून गेलात तर अर्धी लढाई तिथेच जिंकता.

आता आपल्या भागापुरते. स्टेलारिसच्या आयर्नमॅन प्रकारात सेव्ह फाइल एकच असते आणि तीच पुन्हा-पुन्हा लिहिली जाते. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. लिहिणे चालू असतानाच ती गेली तर फाइल बिघडू शकते. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस आणि साधा असे दोन प्रकार निवडण्याचे बटण असेल, तर ते यूपीएसवर ठेवावे. साध्या प्रकारात वीज बदलायला जो वेळ लागतो त्यात कॉम्प्युटर बंद पडतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो. मोठे ग्राफिक्स कार्ड त्याहून जास्त ओढत असेल, तर ऐन वेळी यूपीएसच ट्रिप होतो आणि दोष विजेवर जातो. ज्यांच्याकडे यातले काही नाही त्यांनी आयर्नमॅनच्या वाटेला न जाता साध्या प्रकारात खेळावे आणि दर दहा वर्षांनी, खेळातल्या, वेगळ्या नावाने सेव्ह करावे. बावीसशे चाळीसचे सेव्ह बावीसशे सत्तरमध्ये लाख मोलाचे वाटते.

विनंती एवढीच की पंधरवड्यातून एकदा अशा एका चुकीला, बुद्धिबळाच्या कोड्याएवढी, जागा द्यावी. मजकूर मराठीत असावा. शिल्ड, फ्लीट, सेव्ह हे शब्द पोरे वापरतात तसेच राहू द्यावेत, त्यांचे ओढूनताणून भाषांतर नको. पहिल्या वेळेस एफटीएलमधली आग घ्यावी. आकृती काढायला अवघड नाही: चार चौकोन, त्यांमधली दारे, एका चौकोनात आग, एकात माणूस, आणि प्रश्न असा की कोणते दार आधी लावायचे.

आपले नम्र,
अंतराळातले डाव खेळणारे काही वाचक
टिळकवाडी, खानापूर, निपाणी