मित्रास पत्र : पहिल्या ट्रेनिंगला ड्रायव्हरदादाला बोलाव

ताळगाव, गोवा
१२ मे

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. व्हॉट्सॲपवरच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण ते संपेचना, म्हणून हे पत्र, रविवारी चहा घेऊन निवांत वाच. कोल्हापुरात तुम्हीही आमच्यासारखं मंगल कार्यालयांतलं उरलेलं जेवण गरजूंपर्यंत पोचवायचं काम सुरू करताय हे वाचून फार बरं वाटलं रे. तू विचारलंस, व्हॉलंटियर्सना ट्रेनिंग काय देतोस, पीपीटी असली तर पाठव. पीपीटी होती, पहिल्या वर्षी मीच बनवलेली, चाळीस स्लाइड्सची. ती आता मी वापरत नाही, तुलाही पाठवणार नाही. का ते सांगतो.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये एका हॉलवरनं रात्री नऊला फोन आला, दुपारचं लग्न होतं, साठ-सत्तर माणसांचा पुलाव उरलाय, लवकर न्या. आमची दोन कॉलेजची मुलं आणि गाडी चालवणारे दादा गेले. दादा तिथंच म्हणाले, हा टोप मी दुपारी दोनला इथून जाताना बघितलाय, असाच उघडा होता. पण मुलांनी वास घेतला, चव घेतली, सगळं ठीक वाटलं, त्यांनी मला फोन लावला आणि मी म्हटलं आणा, कडकडीत गरम करून वाढू. वाढला. त्याच रात्री सात जणांना उलट्या सुरू झाल्या, तिघांना सलाईन लावावं लागलं. सकाळी सगळे घरी आले, पण ती रात्र मी हॉस्पिटलच्या बाकावर काढली आणि तिथल्या डॉक्टरनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, भात किती तास बाहेर होता?

भाताचं असं असतं की त्यातल्या बॅसिलस सिरीअस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढायला लागतात आणि एक विष तयार करतात, आणि ते विष परत उकळलं तरी जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. ‘गरम केलं की झालं’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना, ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ मला ह्या एका वाक्यावर घालवावा लागतो. गोव्यात तर बांगड्याचंही तेच, उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, मग तो कितीही तळा, अंगावर गांधी उठायच्या त्या उठतातच. म्हणून मासळीचं काही आम्ही घेतच नाही. आणि नारळाचं वाटण घातलेली भाजी किती लवकर आंबते हे तुला आमच्या किचनमधल्या मावशी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता मूळ मुद्दा. त्या रात्री खरी माहिती एकाच माणसाकडे होती, दादांकडे. आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही, मीसुद्धा नाही, कारण आमच्या डोक्यात ते ‘ड्रायव्हर’ होते. माझ्या चाळीस स्लाइड्सच्या ट्रेनिंगला मी व्हॉलंटियर्सना बोलावलं होतं. दादा आणि किचनमधल्या दोन मावश्या पगारी, म्हणून त्यांना बोलवावं हे सुचलंच नव्हतं. अरे, व्हॉलंटियर चार रविवार येतो आणि परीक्षा आली की जातो, ही माणसं रोज तिथं असतात, टोप कधी उतरला, झाकण कधी पडलं, डाळ कुठं ठेवली, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

त्यानंतर ट्रेनिंग किचनमध्येच घेतो, सगळे एकाच चटईवर. पगारी माणसांना त्या दिवसाचे पैसे देतो, रविवार त्यांचाही असतो. आणि एक नियम केला, दादा ‘नको’ म्हणाले तर ते जेवण गाडीत चढत नाही, मला फोन करायचा नाही, कारण विचारत बसायचं नाही. तू बाकी काही नाही केलंस तरी एवढं कर.

शिकवतो काय म्हणशील तर थोडंच. फोन आला की किती माणसांचं आहे हे शेवटी विचारायचं, आधी कधी शिजलं, कुठं ठेवलंय, झाकलंय का. साठ डिग्रीच्या वर गरम किंवा पाचच्या खाली थंड, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं घ्यायचं नाही. थर्मामीटरची सुई टोपाच्या मधोमध खुपसायची, कडेला नाही, आणि नॉनव्हेजमधून व्हेजमध्ये घालायच्या आधी धुवायचीच, इथं श्रावणात लोकांचा विश्वास ह्यावरच टिकतो. मग एक प्रयोग करतो, पुलावाचा एक मोठा टोप तसाच झाकून ठेवतो आणि तेवढाच भात पसरट ट्रेमध्ये, दोन बोटं जाडीचा. दर अर्ध्या तासानं मुलांनाच मोजायला लावतो. ट्रे थंड होऊन फ्रीजमध्ये जातो तरी टोपाचा मधला भाग ऊनच असतो, चार तासांनी हात लावला तरी कोमट. हे एकदा हातानं बघितलं की पोरं विसरत नाहीत.

सगळ्यात अवघड म्हणजे नाही म्हणणं. त्याचं ट्रेनिंगमध्ये नाटकच करून घेतो. एक जण केटरर होतो, एक नवरीचा बाप होतो आणि व्हॉलंटियरला म्हणतो, अन्न हे पूर्णब्रह्म आणि तुम्ही अन्नाला नाही म्हणताय? पोरांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मोठ्या माणसाला, तेही लग्नघरात, नाही कसं म्हणायचं! म्हणून वाक्यच पाठ करून घेतो, ‘काका, तुम्ही आठवणीनं फोन केलात ते फार चांगलं केलंत, पण दुपारचा भात रात्री आम्ही नाही नेऊ शकत, पुढच्या वेळी शेवटची पंगत बसली की लगेच फोन करा, आम्ही डबे घेऊन दारात येतो.’ ह्या वाक्यानं आम्हाला किती नवे देणारे मिळालेत, नाही ऐकलेलेच लोक पुढच्या कार्याला वेळेवर फोन करतात.

आता वाढण्याचं. आम्ही बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या बाहेर पेशंटच्या नातेवाइकांना जेवण देतो, त्यातले बरेच सिंधुदुर्गातले, कुडाळ-सावंतवाडीकडचे. ती माणसं घरून पैसे घेऊन निघालेली असतात, आठ-दहा दिवसांत ते संपतात, हात पुढे करायची त्यांना सवय नसते. गेल्या दिवाळीच्या आधी एका मुलानं पत्रावळी घेतलेल्या एका आजींचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. तो फिरत फिरत त्यांच्या वाडीवर पोचला. दुसऱ्या दिवशी आजी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी मी शोधत गेलो तर म्हणाल्या, ‘बाबा, मुलगो आजारी आसा, पण आमी भिकारी न्हय.’ मी काय बोलणार? तेव्हापासून वाढताना फोन किचनमधल्या डब्यात जमा, माझासुद्धा. देणगीदारांना फोटो हवेच असतात, त्यांना टोपांचे आणि ट्रेचे पाठवतो.

‘रांगेत या’, ‘एकालाच मिळेल’ असं ओरडायचं नाही. जवळ जाऊन ‘जेवलात?’ एवढंच विचारायचं, हा प्रश्न आपल्याकडे कुणीही कुणाला विचारतो, त्यात मान जात नाही. कन्नड बोलणाऱ्या कामगारांसाठी ‘ऊटा आय्ता?’ शिकवलंय, तेही तेच.

एक गोष्ट मला उशिरा कळली म्हणून तुला आधीच सांगतो. जेवण आजची भूक भागवतं, उद्या तो माणूस परत तिथंच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ज्यांचं रेशन कार्ड आहे त्यांतल्या बहुतेकांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, आणि ‘एक देश एक रेशन कार्ड’ आल्यापासून बाहेरच्या राज्यातला कामगारही गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानातून धान्य उचलू शकतो. गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक तिन्ही २०२० च्या सुरुवातीलाच त्यात आलेत. हे आमच्या अर्ध्या व्हॉलंटियर्सनाच माहीत नव्हतं! आता प्रत्येक टीममध्ये एक जण तेवढंच काम करतो, शेजारी बसून कार्डाचं विचारतो, गरज पडली तर दुकानापर्यंत सोबत जातो. कागदपत्रांचं तुमचंही आधी करून टाक, एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये वेगळे नियम काढलेत, ते वाच. आणि वही ठेव, कुणी दिलं, काय, कधी शिजलं, कधी वाढलं. आमच्या एका मावशींना लिहिता येत नाही, त्या वेळेच्या जागी घड्याळाच्या काट्यांचं चित्र काढतात, वही एकदम चोख.

मी सध्या घाईत आहे कारण १ जून ते ३१ जुलै इथं ट्रॉलरची मासेमारी बंद असते, जेटीवरचे बरेच कामगार गावी जातात पण जे राहतात त्यांच्या हाताला काम नसतं, टुरिस्टही कमी, आणि लग्नं संपल्यामुळे आमच्याकडे येणारं जेवणही त्याच वेळी आटतं. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच हात रिकामे. म्हणून नवीन बॅच मेमध्येच तयार करतोय, पुढच्या रविवारी चौदा जण आहेत. पहिला तास दादाच घेतात.

तू चतुर्थीला येणार म्हणालास ना, तर रविवार धरून ये आणि तुमच्या ड्रायव्हरलाही घेऊन ये, दोघांची राहायची सोय आमच्याकडे होईल, आई तर वाटच बघतेय. आणि थर्मामीटर दोन घे, एक पहिल्याच महिन्यात डाळीत पडतो.

तुझाच,
मी