बाबांच्या आजाराबद्दल

लुंड, स्वीडन

ती. आईस शि. सा. नमस्कार,

मी मजेत आहे. थंडी आहे, पण घर गरम असतं अन् जेवण वेळेवर होतं. इथली एक गंमत सांगतो. कपडे धुवायची मशीन इमारतीच्या तळघरात, सगळ्यांत मिळून. आधी वेळ राखून ठेवायची. वेळ संपली अन् कपडे आतच राहिले, तर कोणी तोंडावर बोलत नाही, दारावर चिठ्ठी लावतात. सही नाही, नाव नाही. मग जिन्यात सगळेच हसून नमस्कार करतात. आता चिठ्ठी लावणारा ओळखायचा कसा, ते तूच सांग.

काकू म्हणते, पोरगा दूर गेला म्हणून बाबांचे हात कापायला लागले. तसं नसतं गं, हा पार्किन्सनचा आजार आहे. मेंदूत खोलवर डोपामिन नावाचं, हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात, त्या मरत जातात. थरथर दिसते तोवर बऱ्याच गेलेल्या असतात. मी गावात होतो तेव्हाच बाबांना करपलेल्या फोडणीचा वास येत नव्हता, आठव. वास जाणं हेही यातलंच, तेव्हाच सुरू झालं असणार.

त्याच पेशी काहून, असं दादानं विचारलं होतं. एका मोटरपंपावर गावभराचं ओलीत अन् मोटर कधी बंदच नाही, असं त्यांचं आहे. एकेका पेशीचे धागे दहा लाखांवर ठिकाणी पोचतात. निरोप नसला तरी ती आपणहून ठोके देते, दर ठोक्याला कॅल्शियम आत शिरतं, ते बाहेर काढण्यात ताकद संपते. वरून डोपामिनच बिघडून पेशीला पोळतं. शेजारच्या काही डोपामिनवाल्या पेशींवर एवढा भार नसतो, त्या बऱ्याच टिकतात. पॅराक्वाट या तणनाशकाशीही आजाराचा संबंध दिसलाय. बाबांना त्यानंच झालं असं कोणी सांगू शकत नाही, पण दादानं उघड्या हातानं फवारू नये.

बाबांची लेव्होडोपाची गोळी, जिचं मेंदूत डोपामिन होतं, ती जेवणाच्या अर्धा तास आधी द्या. वरणासोबत नको, प्रथिनं तिला अडवतात. खाजकुयलीच्या बियांची पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात लेव्होडोपाच असतो. १९५७ मध्ये निपचित पडलेले ससे याच औषधानं हलायला लागले, ते आर्विद कार्लसन या शास्त्रज्ञानं इथंच, लुंडला दाखवलं. मी त्या रस्त्यानं रोज जातो, अन् गोळी द्यायला तू एकटी.

पैसे दादाच्या खात्यात टाकले आहेत. आधी सोसायटीचं कर्ज भरा. दिवाळीला जमत नाही, रागावू नको. छोटीचं साक्षगंध तुळशीच्या लग्नानंतर ठेवा, मी येतोच. अन् वर्ध्याच्या पाहुण्यांपासून बाबांचं लपवू नका. हा आजार बहुतेक घरांत वारशानं येत नाही, हे त्यांना मी स्वतः फोनवर सांगतो. नंबर पाठव.

तुझा,
बाळू